अमेरिकी जनमत चाचण्या कशा वाचायच्या: नव्याने आलेल्यांसाठी पायरीपायरीने

अमेरिकेत राहायला आलात की थोड्याच दिवसांत लक्षात येतं, इथे प्रत्येक वादाला एखादी टक्केवारी चिकटलेली असते. बंदुका, गर्भपात, स्थलांतर, राष्ट्राध्यक्षांची लोकप्रियता, अगदी मुलीनं दुसऱ्या पक्षाच्या माणसाशी लग्न केलं तर आईवडिलांना कसं वाटेल, इथपर्यंत. ऑफिसात जेवताना कोणीतरी आकडा सांगतो, संध्याकाळी तोच आकडा उलटा होऊन टीव्हीवर दिसतो आणि रात्री पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिसराच आकडा येतो: ‘अमेरिकेतले इतके टक्के लोक आपल्या विरोधात आहेत, खरं का?’

आपल्याकडे चाचणी म्हटलं की डोळ्यांसमोर एक्झिट पोल येतो, म्हणजे कोणाला किती जागा. अमेरिकेत निवडणुकीचा अंदाज हा या कामाचा एक गाजणारा तुकडा आहे. बाकीचं काम वर्षभर शांतपणे चालतं आणि तेच जास्त मोलाचं आहे, कारण अमेरिकी माणूस राजकारणाकडे कसा बघतो हे त्यातून दिसतं. मी बरीच वर्षं हे अहवाल मुळातून वाचत आलो आहे. नव्याने आलेल्या मित्रांना तोंडी जे सांगतो, ते इथे क्रमाने लिहितो. एकच सवय लावून घ्या: आधी प्रश्न वाचायचा, मग आकडा.

हाताशी काय असावं

पैसे खर्च करायची गरज नाही. हे एवढं पुरतं:

- प्यू रिसर्च सेंटरचे अहवाल. पक्ष, धर्म, वंश, वय यांनुसार फोड हवी असेल तर इथून सुरुवात करा.
- गॅलपच्या जुन्या मालिका. जॉर्ज गॅलप यांनी १९३५मध्ये हे काम सुरू केलं. काही प्रश्न दशकानुदशकं जवळजवळ त्याच शब्दांत विचारले गेले आहेत, हे त्यांचं खरं वैभव.
- जनरल सोशल सर्व्हे. शिकागो विद्यापीठाशी जोडलेली ‘नॉर्क’ ही संस्था १९७२पासून तो करते. माहिती सर्वांना मोफत खुली आहे.
- कॉर्नेल विद्यापीठातलं रोपर सेंटर. जुन्या चाचण्यांचं कोठार. तुमच्या विद्यापीठाचं किंवा वाचनालयाचं सदस्यत्व असेल तर शब्दन् शब्द शोधता येतो.
- एक साधा कॅल्क्युलेटर.

चाचण्यांची सरासरी काढणारी संकेतस्थळं निवडणुकीच्या हंगामात उपयोगी पडतात, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. ‘फाइव्ह-थर्टी-एट’ हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध नाव २०२५मध्ये बंद झालं.

१. बातमी सोडा, मूळ पान गाठा

बातमीत एक वाक्य असतं, मूळ अहवालात वीस पानं. त्यातली दोन पानं शोधायची. पहिलं ‘टॉपलाइन’: त्यात प्रत्येक प्रश्न जसा विचारला तसा आणि त्याखाली उत्तरांची टक्केवारी. दुसरं ‘मेथडॉलॉजी’: चाचणी कोणी केली, पैसे कोणी दिले, किती लोकांना विचारलं, कोणत्या तारखांना, फोनवर की ऑनलाइन, आकड्यांना भार कसा दिला, म्हणजे नमुन्यात कमी आलेल्या गटांची उत्तरं किती वजन देऊन मोजली.

ही दोन पानं सापडली नाहीत तर तो आकडा पुढे पाठवू नका. या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना, अमेरिकन असोसिएशन फॉर पब्लिक ओपिनियन रिसर्च, आपल्या सदस्यांकडून नेमकी हीच माहिती उघड करण्याची अपेक्षा ठेवते. जी संस्था ती लपवते, तिच्यावर विश्वास ठेवायचं तुम्हाला काहीच कारण नाही.

तारखा नीट बघा. सप्टेंबर २००१च्या सुरुवातीला जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या कामावर गॅलपच्या चाचणीत ५१ टक्के लोक समाधानी होते. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, त्याच महिन्यात, तो आकडा ९० टक्क्यांवर गेला. ‘सप्टेंबर २००१ची चाचणी’ एवढंच कोणी सांगितलं तर त्यातून काहीही कळत नाही.

२. कोणाला विचारलं ते तपासा

अमेरिकी चाचण्यांत तीन वेगवेगळे गट असतात आणि बातम्यांत त्यांची सर्रास गल्लत होते. ‘ॲडल्ट्स’ म्हणजे देशात राहणारे सगळे प्रौढ. यात नागरिक नसलेलेही येतात, म्हणजे एच-१बी व्हिसावर आलेले तुम्हीसुद्धा. ‘रजिस्टर्ड व्होटर्स’ म्हणजे मतदार यादीत नाव असलेले. ‘लाइकली व्होटर्स’ म्हणजे प्रत्यक्ष मतदानाला जातील असं संस्थेला वाटतं ते. तिसरा गट ठरवताना प्रत्येक संस्था स्वतःचा निकष वापरते. त्यामुळे दोन चाचण्यांत फरक दिसला की लोकांचं मत बदललं असं लगेच समजू नका, आधी गट एकच आहे का ते बघा.

मग येतो नमुना. शितावरून भाताची परीक्षा हे आपल्या आजीलाही माहीत होतं, पण ती खरी ठरते भात सगळीकडे सारखा शिजला असेल तर आणि शीत कुठूनही उचललेलं असेल तर. १९३६मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना पत्रं पाठवली आणि २० लाखांहून जास्त उत्तरं गोळा केली. त्यांचा निष्कर्ष होता की राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार आल्फ लँडन सहज जिंकणार. फ्रँकलिन रूझवेल्ट ४८पैकी ४६ राज्यं घेऊन जिंकले. नावं प्रामुख्याने टेलिफोन यादीतून आणि मोटारींच्या नोंदींतून घेतली होती. मंदीच्या काळात या दोन्ही गोष्टी ज्यांच्याकडे होत्या ते कोण, हे सांगायला नको. शिवाय पत्राला उत्तर देण्याची तसदी घेणारेही बहुधा रूझवेल्टवर नाराज असलेलेच होते. कितीतरी लहान नमुना घेतलेल्या गॅलप यांनी विजेता बरोबर सांगितला आणि तिथून या व्यवसायाचा पाया बसला.

आज अडचण वेगळी आहे. लोक फोनच उचलत नाहीत. प्यूच्या फोन चाचण्यांना १९९७मध्ये ३६ टक्के लोक प्रतिसाद देत, २०१८पर्यंत ते प्रमाण ६ टक्क्यांवर आलं. म्हणून चांगल्या संस्था आता टपालखात्याच्या पत्त्यांच्या यादीतून घरं यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, पद्धतीने निवडतात, पत्र पाठवून लोकांना कायमच्या पॅनेलमध्ये घेतात आणि मग ऑनलाइन प्रश्न विचारतात. प्यूचं ‘अमेरिकन ट्रेंड्स पॅनेल’ असंच आहे.

सावध राहायचं ते दुसऱ्या प्रकारापासून: कोणीही येऊन नाव नोंदवावं आणि थोड्या पैशांसाठी प्रश्नावली भरावी, अशा ‘ऑप्ट-इन’ चाचण्या. सगळ्या टाकाऊ नसतात, काही संस्था त्यांवर बरीच मेहनत घेतात. पण तरुणांबद्दलचा एखादा धक्कादायक आकडा दिसला की हा प्रकार आधी आठवा. प्यूने एका ऑप्ट-इन चाचणीत मुद्दाम विचारलं, तुमच्याकडे अणुपाणबुडी चालवण्याचा परवाना आहे का? तिशीच्या आतल्या १२ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं. पैशांसाठी भराभर ‘हो, हो’ करत जाणारे लोक बहुतेकदा स्वतःला तरुण म्हणवतात, आणि मग सगळी पिढी बदनाम होते. २०२३च्या डिसेंबरमध्ये एका ऑनलाइन चाचणीच्या आधारे बातम्या आल्या की तिशीच्या आतल्या २० टक्के अमेरिकनांना ज्यूंचा वंशसंहार ही भाकडकथा वाटते. प्यूने हाच प्रश्न यादृच्छिक नमुन्याला विचारला तेव्हा हे प्रमाण ३ टक्के निघालं. वीस आणि तीन यांतलं अंतर म्हणजे एका पिढीवरचा खोटा आरोप. म्हणून या पायरीवर आळस करू नका.

३. प्रश्न शब्दशः वाचा

हा सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा. वेळ कमी असेल तर बाकीच्या पायऱ्या सोडा, ही सोडू नका.

१९४०च्या सुमारास डोनाल्ड रग या संशोधकाने दोन सारख्या गटांना जवळपास एकच प्रश्न दोन तऱ्हांनी विचारला. लोकशाहीविरोधी भाषणांवर अमेरिकेने बंदी घालावी का? ५४ टक्के म्हणाले, घालावी. अशा भाषणांना परवानगी द्यावी का? ७५ टक्के म्हणाले, देऊ नये. परिणाम एकच, पण ‘बंदी घाला’ म्हणायला माणूस कचरतो आणि ‘परवानगी देऊ नका’ सहज म्हणतो.

जनरल सोशल सर्व्हेमध्ये अनेक वर्षं हेच दिसतं. सरकार ‘वेलफेअर’वर फार कमी खर्च करतं का, असं विचारलं की सुमारे पाव लोक ‘हो’ म्हणतात. ‘गरिबांना मदत’ करण्यावर फार कमी खर्च होतो का, असं विचारलं की ‘हो’ म्हणणारे ६० टक्क्यांच्या वर जातात. या फरकामागे अमेरिकेचा मोठा इतिहास आहे. ‘वेलफेअर’ म्हटलं की अनेक गोऱ्या मतदारांच्या मनात काम न करता सरकारी पैशावर जगणाऱ्या, बहुतेकदा कृष्णवर्णीय, माणसाचं चित्र येतं. राजकारण्यांनी ते चित्र दशकानुदशकं रंगवलं आहे. ‘गरीब’ म्हटलं की ते चित्र येत नाही. दोन्ही आकडे खरे आहेत. ‘अमेरिकन गरिबांच्या विरोधात आहेत’ असं पहिल्या आकड्यावरून म्हणणारा मात्र चुकतो.

आरोग्य विम्याच्या कायद्याचंही तसंच. २०१३मध्ये सीएनबीसी या वृत्तवाहिनीने एका गटाला ‘ओबामाकेअर’बद्दल विचारलं, दुसऱ्याला ‘अफोर्डेबल केअर ॲक्ट’बद्दल. कायदा एकच. ओबामांचं नाव आलं तेव्हा विरोध ४६ टक्के, नाव नव्हतं तेव्हा ३७. नाव आलं की पाठिंबाही वाढला, २२वरून २९ झाला. म्हणजे नावामुळे फक्त विरोधक जागे होत नाहीत, दोन्ही बाजू आपापल्या जागी जाऊन उभ्या राहतात.

गर्भपाताबद्दल तुम्हाला हमखास दोन परस्परविरोधी दावे ऐकू येतील. प्यू चार पर्याय देते आणि २०२४मध्ये ६३ टक्के लोकांनी गर्भपात सर्व किंवा बहुतेक बाबतींत कायदेशीर असावा असं सांगितलं. गॅलप तीन पर्याय देते. त्याच वर्षी ३५ टक्के म्हणाले सर्व परिस्थितींत कायदेशीर असावा, ५० टक्के म्हणाले काही परिस्थितींतच, आणि १२ टक्के म्हणाले कधीच नाही. आता बघा, एक बाजू म्हणू शकते की ८५ टक्के लोकांना गर्भपात कोणत्या ना कोणत्या रूपात कायदेशीर हवा. दुसरी बाजू म्हणू शकते की ६२ टक्के लोकांना निर्बंध किंवा पूर्ण बंदी हवी. दोघांनीही बेरीज बरोबर केली आहे. लोक खरोखर मधे आहेत, आणि दोन्ही बाजूंच्या प्रचाराला हे मधलं अंगण सोयीचं नाही.

एक सापळा वेगळा सांगतो. लोकांना मत नसतं तेव्हाही ते मत देतात. सिनसिनाटीच्या संशोधकांनी १९७०च्या दशकात ‘पब्लिक अफेअर्स ॲक्ट’ नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या कायद्याबद्दल विचारलं. सुमारे एक तृतीयांश लोकांनी बाजूने किंवा विरोधात मत दिलं. म्हणून एखाद्या किचकट परराष्ट्र करारावर किंवा व्यापारी तरतुदीवर आकडा दिसला, तर ‘माहीत नाही’ हा पर्याय दिला होता का ते टॉपलाइनमध्ये बघा.

४. आकड्यातल्या चुकीची मर्यादा स्वतः मोजा

नमुन्यातला आकडा खऱ्या आकड्यापासून केवळ नशिबाने किती ढळू शकतो, ती ही मर्यादा (‘मार्जिन ऑफ एरर’). १,००० लोकांच्या यादृच्छिक नमुन्यात ती असते अधिक-उणे सुमारे ३ अंकांची, म्हणजे टक्केबिंदूंची. हे प्रत्येक बाजूच्या आकड्याला लागू आहे. दोन उमेदवारांतल्या अंतराची मर्यादा साधारण दुप्पट, म्हणजे सहाच्या आसपास. त्यामुळे ४८ विरुद्ध ४६ला आघाडी म्हणू नका.

मोठ्या चाचणीतला लहान गट घेतला की ही मर्यादा झपाट्याने वाढते. १०० माणसांचा उपगट असेल तर ती १०च्या घरात जाते. ‘तरुण लॅटिनो पुरुषांत १४ अंकांची घसरण’ असल्या मथळ्यांमागे बहुतेकदा मूठभर माणसं असतात. उपगटाची संख्या क्रॉसटॅबच्या, म्हणजे गटवार फोडीच्या तक्त्याच्या, तळाशी दिलेली असते, ती बघायची.

ही मर्यादा फक्त नशिबाने येणारी चूक मोजते. कोण उत्तर देत नाही, प्रश्न कसा होता, मतदानाला कोण जाईल हे चुकीचं धरलं का, हे त्यात नसतं. जुन्या निवडणूक चाचण्या निकालांशी ताडून पाहणाऱ्यांना प्रत्यक्ष चूक छापलेल्या मर्यादेच्या साधारण दुप्पट आढळली आहे. मी मनात आकडा नेहमी दुप्पट करूनच पुढे वाचतो.

५. लेबल आणि मागणी वेगळ्या वाचा

इथून पुढे खरं अमेरिकी राजकारण दिसायला लागतं.

स्वतःला काय म्हणवता, असं गॅलपने २०२४मध्ये विचारलं तेव्हा ३७ टक्के म्हणाले कॉन्झर्व्हेटिव्ह (उजवे), ३४ टक्के मध्यममार्गी, २५ टक्के लिबरल (डावे). एवढंच वाचलं तर हा देश उजवीकडे झुकलेला वाटतो. पण किमान वेतन वाढवावं का, श्रीमंतांवर कर वाढवावा का, वृद्धांच्या पेन्शनला आणि आरोग्य विम्याला हात लावावा का, असं एकेक विचारलं की उत्तरं डावीकडची येतात. लॉइड फ्री आणि हॅडली कँट्रिल या दोघांनी १९६०च्या दशकातच दाखवून दिलं होतं की अमेरिकी माणूस तत्त्व म्हणून सरकार कमी असावं म्हणतो आणि प्रत्यक्षात त्याला सरकारी योजना हव्या असतात.

हे पडताळून पाहायचा उत्तम मार्ग म्हणजे राज्यांतली थेट मतदानं, म्हणजे एखाद्या प्रस्तावावरच मतदारांचा कौल. फ्लोरिडाने २०२०मध्ये ट्रम्प यांना जिंकवलं आणि त्याच दिवशी सुमारे ६१ टक्के मतांनी किमान वेतन टप्प्याटप्प्याने १५ डॉलर करायला मान्यता दिली. कॅन्ससमध्ये २०२०ला ट्रम्प सुमारे १५ अंकांनी जिंकले होते, पण ऑगस्ट २०२२मध्ये तिथल्या ५९ टक्के मतदारांनी राज्यघटनेतलं गर्भपाताचं संरक्षण काढायला नकार दिला. चाचणी आणि थेट मतदान एकच सांगत असतील तर त्या आकड्यावर जास्त भरवसा ठेवा.

‘इंडिपेंडंट’ या लेबलानेही फसू नका. २०२४मध्ये गॅलपच्या चाचण्यांत ४३ टक्के लोक स्वतःला अपक्ष म्हणवत होते, दोन्ही पक्षांपेक्षा जास्त. पण पुढचा प्रश्न असतो, झुकाव कुठे? तो विचारला की कुठेच न झुकणारे १० टक्क्यांच्या आसपास उरतात. बाकीचे मतदानाच्या दिवशी पक्षनिष्ठांसारखेच वागतात. पक्षाचं नाव लावायची त्यांना इच्छा नसते, एवढंच.

आणखी एक जोडी: काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, कामावर समाधानी असलेले लोक बहुतेक वेळा २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असतात, तरी प्रतिनिधिगृहात पुन्हा उभे राहणारे ९० टक्क्यांहून जास्त सदस्य निवडून येतात. रिचर्ड फेन्नो या अभ्यासकाने हे फार पूर्वी नोंदवलं आहे. लोकांना काँग्रेस आवडत नाही, आपला माणूस आवडतो.

६. पक्ष मताच्या आधी येतो का ते पाहा

आपल्याला वाटतं माणसाची मतं ठरतात आणि मग तो पक्ष निवडतो. अमेरिकेत बरेचदा उलटं घडतं. वॉशिंग्टन पोस्ट आणि एबीसी यांच्या चाचणीत २०१३मध्ये ओबामा सीरियावर हवाई हल्ल्याचा विचार करत होते तेव्हा २२ टक्के रिपब्लिकनांचा पाठिंबा होता. २०१७मध्ये ट्रम्प यांनी सीरियावर क्षेपणास्त्रं सोडली तेव्हा ८६ टक्के. डेमोक्रॅट दोन्ही वेळा ३७-३८ टक्क्यांवर होते. या उदाहरणात बदल एका बाजूला दिसतो, पण हा फक्त रिपब्लिकनांचा गुण समजू नका. मिशिगन विद्यापीठाचा ग्राहक-भावनांचा मासिक निर्देशांक पक्षानुसार पाहा: २०१६, २०२० आणि २०२४ या तिन्ही निवडणुकांनंतर, पगार आणि भाव जवळजवळ तसेच असताना, जिंकलेल्या पक्षाच्या लोकांना अर्थव्यवस्था सुधारल्यासारखी वाटू लागली आणि हरलेल्यांना बिघडल्यासारखी.

म्हणून ‘अर्थव्यवस्थेबद्दल लोक नाराज’ असा मथळा दिसला की पक्षानुसार फोड बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

या दुफळीची खोली लग्नाच्या प्रश्नातून कळते, आणि तो आपल्या लोकांना चटकन भिडतो. १९६०मध्ये अमेरिकी पालकांना विचारलं होतं, मुला-मुलीनं दुसऱ्या पक्षाच्या व्यक्तीशी लग्न केलं तर वाईट वाटेल का? दोन्ही पक्षांत ५ टक्क्यांच्या आसपास लोक ‘हो’ म्हणाले. २०१०मध्ये रिपब्लिकनांत सुमारे निम्मे आणि डेमोक्रॅटांत सुमारे एक तृतीयांश. याच देशात गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला १९५८मध्ये ४ टक्के लोकांची मान्यता होती, २०२१मध्ये ९४ टक्के. वंशाची भिंत या एका प्रश्नापुरती खाली आली, पक्षाची वर गेली. शेजाऱ्याच्या अंगणात निवडणुकीची पाटी दिसली तर त्याच्याशी राजकारण काढण्याआधी हे आकडे लक्षात ठेवा.

७. एक चाचणी सोडा, मालिका वाचा

एकच प्रश्न, तेच शब्द, अनेक वर्षं. समाज बदलतो का, किती आणि कुठल्या दिशेने, हे इथेच दिसतं. मला तीन आकार वेगळे ओळखता येतात.

काही रेषा वर्षानुवर्षं एकाच दिशेने जातात. समलिंगी विवाहाला १९९६मध्ये २७ टक्के पाठिंबा होता, २०२२मध्ये ७१. मात्र तिथेही आता थांबा आला आहे: रिपब्लिकनांमधला पाठिंबा २०२१मध्ये ५५ टक्के होता, तो २०२५मध्ये ४१वर आला. म्हणजे एकदा चढलेली रेषा परत उतरत नाही, असं धरून चालू नका.

काही रेषा कोसळून खालीच राहतात. वॉशिंग्टनमधलं सरकार बहुतेक वेळा योग्य तेच करेल असा विश्वास १९५८मध्ये सुमारे तीन चतुर्थांश लोकांना होता. व्हिएतनाम युद्ध आणि वॉटरगेट यांच्या काळात तो ढासळला. मधे दोनदा-तीनदा वर आला, पण टिकला नाही. २०२४मध्ये प्यूच्या चाचणीत तो २२ टक्के होता.

आणि काही रेषा सत्तेत कोण आहे त्याच्या उलट जातात. स्थलांतराचा प्रश्न आपल्या सगळ्यांच्या पोटापाण्याशी जोडलेला, म्हणून हा नीट वाचा. २०२०मध्ये, ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत, स्थलांतर वाढवा म्हणणारे ३४ टक्के आणि कमी करा म्हणणारे २८ टक्के होते. बायडन यांच्या काळात सीमेवरची आवक वाढली आणि २०२४मध्ये ५५ टक्के म्हणाले, कमी करा. ट्रम्प परत आले, धरपकड सुरू झाली आणि २०२५च्या उन्हाळ्यात तो आकडा ३० टक्क्यांवर उतरला. त्याच चाचणीत स्थलांतर देशासाठी चांगलं असं ७९ टक्के लोकांनी सांगितलं. सरकार एका बाजूला जोरात ओढतं तेव्हा लोक दुसरीकडे सरकतात. एखाद्या वर्षीचा वाईट आकडा वाचून घाबरून जाऊ नका, आणि चांगल्या आकड्यावर निश्चिंतही होऊ नका.

८. निवडणुकीच्या चाचण्यांकडून किती अपेक्षा ठेवायची

थोडक्यात: राष्ट्रीय आकड्याने राष्ट्राध्यक्ष ठरत नाही. ५३८पैकी २७० इलेक्टोरल मतं लागतात आणि ती राज्यनिहाय मिळतात. २०१६मध्ये राष्ट्रीय चाचण्या हिलरी क्लिंटन यांना सुमारे ३ अंकांनी पुढे दाखवत होत्या आणि त्यांना २.१ अंकांनी जास्त मतं मिळालीसुद्धा. चुकल्या त्या विस्कॉन्सिनसारख्या राज्यांतल्या चाचण्या, कारण अनेकांनी शिक्षणानुसार भार दिला नव्हता आणि पदवीधर लोक चाचण्यांना जास्त उत्तरं देतात. २०२०मध्ये विजेता बरोबर आला, पण राष्ट्रीय चाचण्यांची चूक चाळीस वर्षांतली सर्वांत मोठी होती. २०२४मध्ये आयोवात अत्यंत आदरणीय सर्वेक्षक ॲन सेल्झर यांच्या शेवटच्या चाचणीत हॅरिस ३ अंकांनी पुढे होत्या. ट्रम्प १३ अंकांनी जिंकले. नमुना यादृच्छिक असूनही कधीतरी असा आकडा येतोच. सेल्झर यांनी तो लपवला नाही, जसा आला तसा छापला, आणि मला त्यात त्यांची सचोटी दिसते. सगळ्यांशी जुळेल असा आकडा काढून सुरक्षित राहणाऱ्या संस्थांपेक्षा अशी संस्था मला जास्त विश्वासार्ह वाटते.

९. आपल्याबद्दलचे आकडे

सर्वसाधारण राष्ट्रीय चाचणीत भारतीय वंशाचे लोक इतके थोडे येतात की त्यांच्याबद्दल वेगळं काही सांगता येत नाही. त्यासाठी खास सर्वेक्षणं बघावी लागतात. कार्नेगी एंडोमेंट ही अभ्याससंस्था आणि यूगव्ह ही ऑनलाइन सर्वेक्षण कंपनी यांच्या २०२०च्या पाहणीत ७२ टक्के भारतीय-अमेरिकन मतदार बायडन यांच्या बाजूने आणि २२ टक्के ट्रम्प यांच्या बाजूने होते. २०२४मध्ये हॅरिस यांना ६१ आणि ट्रम्प यांना ३२. स्वतःला डेमोक्रॅट म्हणवणारे ५६वरून ४७ टक्क्यांवर आले. कल स्पष्ट आहे. पण २०२४चा नमुना ७१४ जणांचा होता, हे विसरू नका. त्यातून ‘गुजराती काय म्हणतात, तेलुगू काय म्हणतात, मराठी काय म्हणतात’ असं कोणी काढून दाखवलं तर ते ऐकूही नका. एडिसन किंवा फ्रीमाँट अशा भारतीयांची मोठी वस्ती असलेल्या गावांच्या मंडळातल्या गप्पांवरून काढलेला अंदाज हा तर नमुनाच नव्हे.

१०. तुमच्याच घरी पत्र आलं तर

कधीतरी तुमच्या नावाने नव्हे तर ‘रेसिडेंट’ म्हणून लिफाफा येईल. बऱ्याचदा आत एक-दोन डॉलरच्या नोटा असतात. बहुतेक लोक तो जाहिरात समजून फेकतात. तीन गोष्टी तपासा.

- पाठवणारं कोण? जनगणना विभागाचं ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’ असेल तर उत्तर देणं कायद्याने बंधनकारक आहे आणि त्यात राजकीय मत विचारत नाहीत. जनमत चाचणी पूर्णपणे ऐच्छिक असते.
- काय मागतात? खरी संस्था सोशल सिक्युरिटी क्रमांक, बँक खातं किंवा देणगी मागत नाही. मागितली तर बंद करा.
- प्रश्नाच्या नावाखाली चिखलफेक चालली आहे का? ‘अमुक उमेदवाराने असं केलं हे कळल्यावर तुम्ही त्याला मत द्याल का?’ अशी रांग लागली आणि तुमचं वय, शिक्षण कोणी विचारलंच नाही, तर तो प्रचार आहे.

संस्थेचं नाव लिफाफ्यावरच्या दुव्यावरून न शोधता स्वतः शोधा, तिच्या संकेतस्थळावर या सर्वेक्षणाचा उल्लेख आहे का बघा, आणि असेल तर उत्तर द्या. तुम्ही नागरिक नसाल तरी प्रौढांच्या चाचणीत तुमची जागा आहे. काही प्रश्नांची उत्तरं माहीत नसतील तर ‘माहीत नाही’ निवडा, ते उत्तरही मोजलं जातं.

प्यूने २०२२-२३मध्ये आशियाई वंशाच्या ७,००६ प्रौढांची मोठी पाहणी केली. प्रश्नावली इंग्रजीखेरीज चिनी, हिंदी, कोरियन, टागालोग आणि व्हिएतनामी भाषांत होती. मराठीत नव्हती. तेव्हा घरात इंग्रजी-हिंदी कमी येणारे आईवडील राहत असतील आणि निवड त्यांची झाली असेल, तर शेजारी बसून प्रश्न मराठीत वाचून दाखवा. पर्याय सगळे वाचा, गाळू नका, आणि उत्तर त्यांचं त्यांना देऊ द्या.